पोचा

राउमाच्या गोदीमागे, हेरिंगच्या जुन्या गोदामात
आमची चाचणीची खोली.
बाहेर मार्च, समुद्र अजून पांढरा.
आत तेवीस अंश, एक कमी नाही की जास्त नाही,
थंडीत फोमला भलताच ताठा येतो.

तबकडीवर तुकडा ठेवते:
वर काचतंतूंचा पापुद्रा, नखाहून थोडा जाड,
मध्ये गोठवलेला पिवळसर फेस
(हातात घ्या, वजनच लागत नाही),
खाली पुन्हा पापुद्रा.
पोलादी गोळा उतरू लागतो
मिनिटाला एक मिलिमीटर,
जणू दुधावरची साय मोडायची नाहीये.

पडद्यावर रेघ आधी सरळ चढते.
पापुद्रा वाकतो, एका ठिपक्यावरचा भार
आजूबाजूला वाटत सुटतो.
मग बारीकसं चट्.
मग चट् चट् चट्, राईचा कडक पाव मोडावा तसं,
फेसातल्या भिंती एकीमागून एक खाली बसतात
आणि रेघ आडवी होते.
गोळा आत जातोय, विरोध तेवढाच.
ही आडवी रेघ मी तासभर बघू शकते.
ग्राहकाला ती उतरती कळा वाटते.
फोम खरं तर याच वेळी राबत असतो.
पोकळी संपली की रेघ ताठ उभी राहते,
तिथे मी बटण दाबते.

वेइयो चाळीस वर्षं होड्या थापतोय.
तो म्हणतो, पापुद्रा जाड कर, विषय संपला.
मी म्हणते, फेसाच्या मधोमध आणखी एक पातळ घाल.
"म्हणजे आईने एकावर एक तीन स्वेटर घालायचे तसं,"
तो म्हणतो, आणि घालतो.

गोळा वर घेतला की पापुद्रा उसळून जागेवर येतो.
दबलेला फेस येत नाही.
दोघांच्या मध्ये एक फट राहते,
कागदही सरकणार नाही एवढी.

परवा पायलटांची बोट आली, बर्फाला घासलेली.
कालेर्वोने बाजूवरून हात फिरवला:
"पोचा नाही, ओरखडा नाही. सही कर."
वेइयोने खिशातून दोन युरोचं नाणं काढलं.
टण. टण. टण.
थप.
निळ्या खडूने खूण केली.
थप, आणखी एक खूण. थप.
खुणा जोडल्या तेव्हा आकार निघाला
जेवणाच्या ताटाएवढा,
आणि ताटाच्या आत रंग तसाच चकचकीत,
आमची तिघांची तोंडं त्यात दिसत होती.

कालेर्वो म्हणाला, नाण्याचं काय ऐकता.
मग स्वतः वाजवून बघितलं.
दोनदा.
खिडकीशी जाऊन फोन लावला कुणाला तरी,
बराच वेळ नुसताच ऐकत राहिला.

मी सही केली नाही. उरलेली कामं होती.
कालच्या तुकड्यातला खळगा संध्याकाळी
शून्य पूर्णांक चार मिलिमीटर,
आज सकाळी एक दशांश,
रात्रभर कुणी हात न लावता.
फॉर्मवर रकाना एकच असतो.
मी दोन्ही आकडे लिहिले, शेजारी वेळा,
आणि जागा पुरेना म्हणून
तिसरा कागदाच्या पाठीवर:
नाणं, थप, अजूनही.