निवळ

दिवसा मी साखर मोजते.
मांजरीच्या अलीकडे एक प्रयोगशाळा आहे, तिथे
रसाचा थेंब काचेवर सोडायचा, डोळा लावायचा,
वहीत लिहायचं: ब्रिक्स अठरा पूर्णांक चार.
शनिवारी रात्री मुंढव्याच्या एका गच्चीवर
मी काहीच मोजलं नाही.

हेमांगी तापकीर रॉटरडॅमला निघाली होती.
पहिला ग्लास कलिंगडाचा, काठाला साखर.
दुसऱ्यात कागदाची छत्री, आणि सिरप इतकं दाट
की छत्री उभी राहिली.
तिसऱ्याचं नाव वेटरने दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा मी हसले.
चौथा आठवत नाही, पण बिलात आहे.
सरबतच की गं हे, म्हणत होतो सगळ्याजणी,
आणि खालून दौंडकडे एक मालगाडी
संपता संपत नव्हती.

सकाळी हडपसरला, तिसऱ्या मजल्यावर,
पंख्याचं एकेक पातं वेगळं ऐकू आलं.
जिभेचं पायपुसणं झालेलं.
खाली भंगारवाल्याचा भोंगा विचारत होता
जुनं, मोडकं, बिघडलेलं काही आहे का,
आणि मला वाटलं, ओ द्यावी.

ऋजुताचा फोन: गोडानं होतं असं, पुढच्या वेळी कोरी घे.
हेमांगीचा फोन: मिसळ खा, तिखट, घाम फुटेपर्यंत.
मग दाराची बेल.

दादा.
थेऊरहून पहिल्या बसने, न कळवता,
पिशवीत काकवीची बाटली, बुचाला फडकं बांधलेलं.
तीस वर्षं कढईतल्या रसाकडे बघितलं त्यांनी
तसं माझ्याकडे बघितलं,
रंग, फेस, वास,
आणि चपला काढून खिडकी उघडली.

माझा हात गोळीच्या पाकिटाकडे गेला.
"आत्ता नको. यकृत आधीच तिसऱ्या पाळीला उभं आहे."

"साखरेनं झालं," मी म्हणाले. "सगळं गोड होतं, दादा."

"साखरेनं दारूचं तोंड दाबून धरलं, एवढाच तिचा गुन्हा.
कडू लागली असती तर दुसऱ्याला थांबली असतीस.
दोघी एकाच उसाच्या पोटच्या.
एक पोत्यात गेली, एक मळीतून पिंपात.
धाकटीनं केलेलं थोरलीवर घालू नये."

मग तांब्याभर पाणी घेतलं.
मीठ, चिमटीत मावेल एवढं.
आणि साखर.
मी बघतच राहिले.
"मीठ एकटं आत जायला बिचकतं," ते म्हणाले,
"हिचं बोट धरून जातं.
घोटघोट पी. गटागटा नको."

मी प्रयोगशाळेतली. हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असणं रात्री कोटाबरोबर खुंटीला राहिलं होतं.

"किती वेळ लागेल?"
"टाकीत रस आला की काय करायचो आम्ही?
काही नाही. उभा ठेवायचो.
गाळ आपला आपण खाली बसतो, वर निवळ येतं.
नवा मुकादम असला की घाई करायचा, काठी घालायचा.
पुन्हा सगळं गढूळ."
त्यांनी पंखा एकवर आणला.
"कॉफीची काठी घालू नकोस. झोप."

भात मऊ शिजवला होता, ताक वेगळं.
मी अर्धी झोपेत विचारलं,
हे पाणी करायला कुठे शिकलात तुम्ही?
बराच वेळ भांडी विसळल्याचा आवाज आला.
"गळीत संपलं की," ते म्हणाले,
"आम्हीपण निरोप द्यायचो एकमेकांना."

चारला उठले तेव्हा ते गेले होते.
तांब्या पालथा. खिडकी उघडी.
डोक्यात अजून कुणी हळू चालत होतं,
पण अनवाणी.

काकवीचं फडकं सोडलं, बोटाला लावून चाटली.
पंच्याहत्तर असेल, अंदाजे.
वहीत लिहिलं नाही.