उजवं चाक

गाडी जॅकवर. मागचं उजवं चाक अधांतरी.
ट्रेवार्था हबला टॉर्क-रेंच लावून ओढतो
आणि चाक फिरतं, बोटात सैल झालेली अंगठी फिरावी तसं.
“इथे अडायला हवं होतं,” तो म्हणतो.
लेम्पी रुओना हातमोजे न काढता ऐकते.

कीविनॉच्या टोकाला,
तांब्याच्या खाणी बंद पडल्या तेव्हा
जी गावं बंद पडायची विसरली,
तिथे ती टपाल वाटते. दोनशे नव्वद पेट्या.
उजवीकडे सरकून बसते, डावा पाय लांबवून ब्रेक दाबते,
उजव्या हाताने पेटीचं झाकण उघडते.
म्हणजे डावी चाकं मीठ टाकलेल्या डांबरावर
आणि उजवी कायम कडेच्या भुसभुशीत बर्फात.
बावीस वर्षं.

साधा डिफरन्शियल असता
तर घसरणाऱ्यालाच सगळं देऊन मोकळा झाला असता.
रडेल त्या पोराला खाऊ,
गप्प उभं राहील ते उपाशी.
याच्या पोटात क्लचच्या चकत्या असतात,
एक चाक सुटलं की त्याला दुसऱ्याशी
बांधून ठेवणाऱ्या.
असायच्या.

झाकण निघतं. तेल काळं, करपलेलं.
चुंबकाला राखाडी लगदा,
बोटांनी चोळला तर शिसपेन्सिलीसारखा पसरणारा.
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळ्या पेनने:
टी. आर., नोव्हेंबर.
साल तेलाने खाल्लंय.

तौनोने हे स्वयंपाकघरात केलं होतं.
केकच्या ट्रेमध्ये चकत्या रात्रभर तेलात,
डाळ भिजत घालावी तशा.
त्या ट्रेचा वास कधीच गेला नाही.
तो गेल्यावर
तिने आधी ट्रे फेकला.

ट्रेवार्था बिलाच्या मागे आकडे मांडतो.
नव्या चकत्या, स्प्रिंग, बेअरिंगं: दोनशे ऐंशी.
अख्खा नवा, नुसत्या गिअरचा,
ज्यात झिजायला चकत्याच नाहीत: नऊशे.
मजुरी दोन्हीकडे तीच.
मग जुन्या केसच्या आत नख फिरवतो, सावकाश.
नख कुठे अडलं असतं
तर बोलायला काही उरलंच नसतं.
अडत नाही.
आता बोलावं लागणार.

तो वाट पाहतो. त्याला वाटतं, ती त्या पिवळ्या अक्षरांकडे बघेल.
ती विचारते, “चेसी किती टिकेल?”

तो पाठीवर सरकत खाली जातो, हातोडी घेऊन.
ठक. ठक. एका जागी ठकचा थप् होतो
आणि गंजाचे पापुद्रे त्याच्या दाढीत पडतात.
“तीन हिवाळे,” खालून आवाज येतो.
“चौथ्याचं मी काही बोलत नाही.”

“मलाही तीनच हवेत. मग पेन्शन.”
ती आता मोजे काढते, सही करायला.
“गाडीपेक्षा जास्त जगणारं काही
गाडीत बसवू नकोस.”

“आणि हे?” तो झाकण दाखवतो.
“पुसलंस तरी चालेल. गॅस्केट नीट बसू दे.”
त्याने कडा घासल्या, लख्ख.
मधलं राहिलं. वेळ नव्हता, असं तो म्हणाला.

शुक्रवारी, चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
नव्या चकत्यांत तेल मुरावं म्हणून
ती गाडीने आठ काढते.
आपला ८ नव्हे, जो एकदा वळला की उघडाच राहतो.
तिकडचा, स्वतःलाच ओलांडून
पुन्हा सुरुवातीला येऊन मिळणारा.
वीस काढ, ट्रेवार्थाने सांगितलंय, हळू, दोन्ही बाजूंना वळत.

बर्फात चाकांच्या रेषा एकमेकींवर चढतात.
पंधराव्याला मागून कुरकुर येते.
सोळाव्यालाही.
विसाव्याला ती आहे की नाही, कळत नाही.
ती काच खाली करते,
टोपी कानावरून मागे सारते
आणि एकविसावा काढायला लागते.