शेऱ्याचा रकाना

मोहाडीच्या तहसिलीत, रेकॉर्डरूमच्या खिडकीशी
मी शोधत होतो एकच शब्द.
पोरीची जातपडताळणी अडकलेली,
समितीला हवा पन्नास सालाआधीचा कागद.
कोतवाल बुकाची पानं उन्हात विसरलेल्या पापडासारखी.
बाबू म्हणाला, बोटाला थुंकी लावू नका, फाटते.

सन १९१३. मौजा आंधळगाव.
जन्म: मुलगी. नावाची जागा कोरी.
बाप झिंगरू वल्द डोमा ढकाते.
आणि अगदी शेवटी, तिरक्या अक्षरात, शेरा:
बाप आसामात.

डोमा आमचाच. त्याचा आडकू माझा पणजोबा.
पण झिंगरू?
आमच्याकडे पितरांना पान वाढताना
हे नाव कधी कुणी घेतलं नव्हतं.

बकाराम निखारे अजून खड्ड्यात पाय सोडून कोसा विणतो.
माग न थांबवता म्हणाला,
"तीन होते ना बावा.
एक इतंच बसला, एक बऱ्हानपूरले गेला,
अन् एक अरकाट्याच्या मांगं. रेल्वेचं तिकीट फुकट होतं म्हनत."
मग म्हणाला, "मंग कोनी इचारलंच नाही."

बऱ्हाणपूरचा दोन दिवसांत सापडला,
एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला.
पणतू आता गाद्या विकतो. फोनवर पहिला प्रश्न:
"ज़मीन का मामला है क्या?"
नाही म्हटल्यावर आवाज नरमला,
आणि मग बोलायला काही उरलंच नाही.
जवळ गेलेल्याशी निदान भांडण तरी राहतं,
लांब गेलेल्याची गोष्ट होते.
झिंगरूची गोष्टही झाली नव्हती.

भाच्याची पोस्टिंग तिनसुकियाला. सुट्टीच्या दिवशी
तो चहाच्या बागा हिंडला.
म्हणाला, मामा, इथं ढकाते कुणीच नाही.
साहेबाच्या वहीत हात बघून नाव लिहिलंय:
जो विणायचा तो तांती.
ओडिशाचा तांती, छोटा नागपूरचा तांती,
सूत सोडून पाती खुडणारे सगळे तांती.

सातव्या बागेत भेटली बिनीता तांती,
बागेच्या दवाखान्यात नर्स.
मूळपुरुष जिंगोर. गाव बंडारा. बस, एवढंच.
पण तिनं मला विचारलं, मोडक्या हिंदीत, लाजत,
आमच्या घरात एक शब्द आहे, भैया,
नदीतल्या लहान होडीला आम्ही धोटा म्हणतो.
शेजारीपाजारी सगळे नाव म्हणतात.
आम्हीच का?

मी उठलो. फोन तसाच धरून
बकारामच्या मागाशी गेलो.
खट्. सर्र. खट्.
तिकडे कोंबडा आरवला, कुणीतरी नळ बंद केला.
ती ऐकत होती.
हा धोटा, मी म्हटलं. दिसायला होडीच.
पण ह्याची नदी चार फुटांची,
आणि हा दर वेळी परत येतो.

बराच वेळ ती बोलली नाही.
मग म्हणाली, आजी सांगायची
जिंगोर एकटाच होता. आगेमागे कुणी नव्हतं.
खरं ना, भैया?
झेरॉक्स माझ्या खिशात होती,
घडीवर घामानं ओली.
बकारामनं माग थांबवला. माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, आवाज तुटतोय, रात्री करतो.

आज आठ रात्री झाल्या.
पुढची पानं चाळून झालीत, अठरा सालच्या तापापर्यंत.
त्या साली मेलेल्यांत
नाव नसलेल्या मुली अकरा आहेत. त्यात ती असेल, नसेलही.
असेल तर वय पाच.

फाईल दाखल करताना बाबूनं कागद मोजले.
ही झेरॉक्स कशाला, म्हणाला,
हिच्यात तुमचा शब्द नाही.
म्हटलं, ठाऊक आहे.
लावा.