धूर कुठे कोंडतो?

एस्टोनियातल्या व्होरू गावात हेल्दुर शेगड्या बांधतो.
शेगडी म्हणजे आपली कोळशाची, हातभर, नव्हे.
घराच्या मधोमध छतापर्यंत उभी राहणारी, विटांची,
सकाळी चार ओंडके खाऊन
रात्रीपर्यंत पाठ शेकणारी.
एकतीस वर्षं झाली. साडेचारशेच्या वर बांधल्या.
एकही खचली नाही.

वेबसाइटवरून मात्र वर्षभरात तीन पत्रं.
दोन, तुमची वेबसाइट वर आणून देतो म्हणणाऱ्यांची,
एक, कुणा मेलेल्या राजपुत्राच्या वारसाचं.

भाची मारिका सुट्टीला आली, तिने पान उघडलं.
ते उघडेस्तोवर कॉफी ओतली, साखर घातली, ढवळली,
तरी एक हसरं कुटुंब
कमरेपर्यंतच उतरलं होतं.
'हे कोण?'
'ठाऊक नाही. पॅकेजमध्ये आले.'
त्यांच्या पायाशी तीन शब्द: दर्जा, विश्वास, परंपरा.
'मामा, हे तर शवपेट्या विकणाराही लिहील.'

फोन नंबर सापडला चौथ्या पानाच्या तळाशी,
करड्यावर करडा,
राखेत पडलेल्या खिळ्यासारखा.
आणि फॉर्मला तेरा रकाने.
कंपनी, हुद्दा, अपेक्षित अंदाजपत्रक.
'खोली धुरानं भरलेला माणूस
हुद्दा लिहीत बसेल?'

हेल्दुर गप्प.
गप्प बसणं हे त्याचं उत्तर असतं,
आणि बहुधा लांबलचक.

'फोनवर लोक पहिलं काय विचारतात?'
'वारा फिरला की धूर आत का येतो.
मग, किती घेणार.
मग, घरात कुत्रं आहे, चालेल का.'
तिने हेच लिहिलं, याच क्रमानं,
आणि उत्तरं त्याच्याकडून वदवून घेतली.
कुत्र्याचं उत्तर सगळ्यांत मोठं झालं.

आकड्यावर अडलं.
'किंमत वाचली की लोक पळतील.'
'पळणारे आत्ताही पळतातच मामा,
फक्त तुला दिसत नाहीत.'

हसरं कुटुंब गेलं. त्या जागी त्याचा हात,
चुन्यानं फाटलेला, करंगळीचं टोक नसलेला.
नंबर वर, ठसठशीत.
तेरातले तीन रकाने उरले:
नाव, फोन,
आणि, धूर कुठे कोंडतो?

अकरा दिवस काहीच नाही.
बाराव्या रात्री, दोन चाळीसला,
हीउमा बेटावरून लेइदा नावाच्या बाईंनी लिहिलं:

धूर कोंडत नाही. शेगडी उत्तम आहे.
शहाण्णव साली तुम्हीच बांधलीत,
दार डावीकडे उघडावं म्हणून माझ्या नवऱ्याशी भांडून.
तो ऑगस्टमध्ये गेला.
रात्री किती ओंडके घालायचे
ते त्यालाच ठाऊक होतं.

मारिकाच्या वहीत रकाना होता, 'चौकशा'.
पेन्सिल तिथे टेकून ती थबकली.
ही धरायची का? यात ना काम, ना पैसा.
आपण असतो तर म्हणालो असतो,
ही चौकशी नव्हे बाई, ही विचारपूस;
पण त्या घरात मराठी कोण बोलणार.

हेल्दुरनं एका बोटानं टंकलं:
बर्चचे तीन. फार गारठा असेल तर चार.
निळी ज्योत पुरती विझल्याशिवाय
वरची झडप लावू नका. कधीच नका.
तो बरोबर होता दाराबद्दल.
मी चुकलो होतो.

लेइदाबाईंना विचारून
नावं वगळून ते दोन्ही कागद पानावर लागले.
मग कुणाची वीट तडकली होती,
कुणाला आजोळची शेगडी हलवायची होती,
एकाला फक्त झडप म्हणजे काय ते हवं होतं.
ख्रिसमसपर्यंत चोवीस. हेल्दुर वैतागला.
फोन आता तो चुन्याच्या बादलीपासून लांब,
मोज्यात घालून ठेवतो.

काल एक आलं: नाव आहे, नंबर आहे,
तिसरा रकाना कोरा.
मारिका असती तर म्हणाली असती, सोड.
त्यानं हात पुसले, नंबर फिरवला,
'बोला' म्हणाला,
आणि थांबला.
थांबणं त्याला येतं.