इतर

पंचनाम्यात लिहिलं: ऐनाचं झाड, पट्टा विळ्यानं कापलेला,
कुलूप शाबूत. कक्ष क्रमांक तीनशे सतरा, हरसूलच्या वर,
जिथं ओहोळ पायवाट तोडून खाली उतरतो.
साक्षीदार म्हणून सही माझी.
बांधलाही मीच होता तो, रोजंदारीवर,
गुडघ्याच्या उंचीला,
कारण बिबट्याचा खांदा म्हणजे माणसाचा गुडघा,
असं साहेबांनी शिकवलेलं.

तडवी मॅडम म्हणाल्या, चोराला मिळणार काय यातून?
फोन लागत नाही, गाणं वाजत नाही.
साहेब म्हणाले, खैर तोडणारेच असणार.
मी मान हलवली.
पट्ट्याचा काप मात्र पाहून ठेवला होता:
उलट्या अंगानं, डावखुरा.
पाड्यावर डाव्या हातानं विळा चालवणारं माणूस एकच.
मी लहान असताना त्याच हातानं मला भाकर वाढायची,
लोक नावं ठेवायचे तरी.

दर पंधरवड्याला मी कार्ड नाशिकला पोचवायचो.
त्र्यंबक रोडला उतरायचो खिशावर हात दाबून,
जणू नखाएवढ्या तुकड्यात अख्खं रान झोपलंय.
तिथला पोरगा फोटो निवडायचा:
बिबट्या तीन. सायाळ अकरा.
तरस एक, तेही शेपटीकडून.
उरलेले तीनशे अठ्ठ्याण्णव एका फोल्डरात.
नाव 'इतर'.
मोळ्या, हंडे, मोहाच्या पाट्या,
लुगडं खोचून ओहोळ ओलांडणाऱ्या बायका,
आडोसा समजून बसलेली एक.
पोरगा हसला.
मीही हसलो जरासा.
ते हसू अजून दाढेत आहे,
सुपारीच्या कचासारखं, जिभेला लागतं, निघत नाही.

बुधीकाकूनं तांब्या पुढं केला.
मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"त्याचा डोळा मालवंना रे. तूच मालव."
कणगीचं झाकण काढलं तर
नागलीत अर्धा रुतून तो वर बघत होता.
"कशाला आणलास, काकू?"
"माझा फोटू काढायचा तो, येता-जाता.
त्यात मी हाय ना? मंग माझाच."

यावर कायद्यात काय आहे मला ठाऊक नाही.

रात्री कार्ड मोबाइलला लावलं.
सव्वीस दिवस. रोज पहाटे झाकण उघडतं,
उजेडाचं एक वर्तुळ, त्यात काकूचा चेहरा,
मग हात, हातात मापटं.
खाली पट्टीवर तारीख, वेळ, तापमान, आणि चंद्र:
कणगीच्या आतही इमानेइतबारे
पाव, अर्धा, पुरा, परत पाव.
नागली उतरत गेली तसा कॅमेराही खाली गेला,
म्हणून चेहरा रोज थोडा लांब.
नवव्या दिवशी नुसता उंदीर.
अठराव्या दिवशी तिनं केस विंचरलेत,
कानात चांदीची फुलं घातलीत,
आणि मापटं हातात नाहीच.
नुसती बघत उभी आहे,
चांगला फोटो यावा म्हणून.
सव्विसाव्याला वर्तुळ रुपयाएवढं.
ती आहे की नाही, सांगता येत नाही.

कॅमेरा मी जमा केला. ओहोळात सापडला, म्हटलं.
कार्ड? नव्हतं.
ते काडेपेटीत आहे, घरी, देवाच्या फळीवर.
साहेबांनी शेरा मारला, वाहून आला असावा.
मे महिना. ओहोळात पाय बुडेल इतकंही पाणी नाही.
कुणी विचारलं नाही.

आज नवा बांधायचाय, नंबर तोच, झाडही तेच.
पट्टा आवळला, तोंड पायवाटेकडून फिरवून
करवंदीच्या जाळीकडं केलं.
मॅडम वाकून भिंगाच्या रेषेत बघतात.
इथून काय दिसणार?
बिबट्या, म्हटलं.
आला तर.