ठिगळं

ल्युब्लियानात, संस्थेच्या तळघरात,
येर्नेया वोदोपीवेत्स सकाळी सहाला दिवे लावते.
पिंजरा बावीस. मादी. कानाला दोन खाचा.
अठ्ठावीस दिवसांपूर्वी हिला टोचला होता
मळसूत्रासारखा पीळ घेतलेला जंतू,
गोचिडीच्या पोटातून आलेला.

आज कानाचा तुकडा घ्यायचा,
तिळाएवढा.

जंतूच्या अंगात एक सदरा असतो.
रक्तातले पहारेकरी चेहरा बघत नाहीत,
सदरा बघतात.
ते ओळख पटवून परत येईतो
बाहीवर नवं ठिगळ, कॉलरवर दुसरं,
आतल्या बोचक्यातल्या मुक्या चिंध्यांतून उचललेलं.
आणि गंमत अशी की
चिंधी काढली तरी बोचकं तेवढंच भरलेलं.

काचेच्या नळीत, उबदार गुलाबी रसात
हाच जंतू महिनोन्महिने ठेवा,
सदरा तोच. एक टाका उसवत नाही.

येर्नेयाला हे फार आवडलं होतं, पहिल्या वर्षी.
कोणी मागावर नसेल तर कोण कशाला बदलेल?
तिला तिचा पणजोबा आठवला, कार्स्टच्या दगडी गावातला.
सरकारी कागद आला आणि
वोदोपीवेत्सचा बेव्हिलाक्वा झाला.
दोन्हींचा अर्थ एकच, पाणी पिणारा.
पिंपांवर मात्र तो खडूने जुनंच नाव लिहायचा.

मग पिंजरा चाळीस आला.
त्यातल्या उंदरांना पहारेकरीच नसतात,
जन्मतःच.
तिथेही ठिगळं बदललेली.
कोणी शोधत नव्हतं. तरीही.
नुसतं जिवंत अंग पुरलं.

त्या रात्री तिने आईला फोन केला.
आई म्हणाली, अगं, युद्ध संपलं, नाव परत मिळालं,
पण म्हातारपणी दार वाजलं
की तो आधी विचारायचा, कोणाला भेटायचंय?
आणि येणाऱ्याची भाषा ऐकून
मग नाव सांगायचा.
पोस्टमनलासुद्धा.

तुकडा नळीत पडतो. झाकण. थंड पेटी.
आठवड्याने अक्षरांच्या रांगा येतील,
ती वहीत लिहील:
बावीस, मूळ सदरा आढळला नाही.

मादी कान झटकते,
दोन्ही पंजांनी तोंड धुते,
आणि दाणा उचलते,
काही झालंच नाही अशी.