उशिराचे कारण

शेळी ठाण्यामागच्या कडुनिंबाला बांधली आहे.
मुद्देमाल नंबर सव्वीस.
डावा कान चिरलेला, कपाळावर पांढरा ठिपका,
पंचनाम्यात मी लिहिलं: स्वभाव शांत.
परवा तिनं जप्तीतल्या गुटख्याच्या पोत्याची शिलाई उसवली
आणि काल पहाटे, माझ्याच नाइट ड्यूटीत,
दोन करडं घातली.
रजिस्टर काढलं.
जप्त: एक. शिल्लक: तीन.
आता बेरीज कुठल्या रकान्यात धरायची?

टेम्पो न्हावऱ्याच्या अलीकडे पकडला.
ताडपत्रीखालून कुणी खोकलं, म्हणून इम्तियाजनं थांबवला.
अकरा शेळ्या, चौदा किलो तांब्याची तार,
झोपेचं सोंग घेतलेला क्लीनर.
दहा शेळ्यांचे मालक नदीपलीकडून
दुपारच्या आत आले, फिर्यादीच्या नकला खिशात घेऊन.
ही राहिली.

साहेब खूश. सोमवारी पुण्याला मीटिंग,
पाषाण रोडला, एसी हॉलमध्ये,
पडद्यावर प्रत्येक ठाण्याचा एक खांब असतो.
आमचा बुटका.
"माल आला, आरोपी आला," साहेब म्हणाले,
"या शेळीचा गुन्हा कुठाय?"

जानेवारीपासूनची पानं उलटली.
केबल गहाळ. मोटार गहाळ.
रोहित्रातलं तेल: गळती असावी.
अर्जदारास समज देऊन अर्ज दफ्तरी.
सगळं माझंच अक्षर. शाळेत मला
सुवाच्च अक्षराचं बक्षीस होतं.
चोरी हा शब्द आम्ही
एप्रिलात टँकरचं पाणी वापरतात तसा वापरतो.
वाटीवाटीनं.

कान मात्र आठवला.
संक्रांतीच्या आगेमागे एक बाई आली होती,
चांगुणा कोळपे, घोडकाठच्या माळावरची.
स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून
कुठं चिरलाय ते तिनं दाखवलं होतं.
मी म्हटलं, मावशी, चरत गेली असेल लांब, येईल.
ती म्हणाली, दावं कापून?
मी म्हटलं, अर्ज लिहून आणा.
पाणी प्यायलात का?

काल तिच्याकडे गेले.
ती वाघर दुरुस्त करत बसली होती,
सूत बोटाला गुंडाळून.
म्हटलं, शेळी सापडली, मावशी. तेवढी फिर्याद द्यायला चला.
तिनं गाठ दातानं आवळली.
"तवा न्हवती गेली चोरीला.
आता गेली व्हय?"
इम्तियाज बाभळीकडे बघत राहिला,
जणू बाभळीवर काही लिहिलंय.

आली. चालत आली.
गाडीत बसायला नको म्हणाली,
लोकांना वाटंल मलाच धरली.
हाक ऐकून शेळीनं असा हिसका दिला
की कडुनिंबाची पानं माझ्या टोपीवर पडली.
करडं बघून तिनं विचारलं, "ही कुणाच्या नावावर लिवली?"
कोर्टाचा हुकूम होईस्तोवर सरकारच्या, मी म्हटलं.
"मग सरकारनं पाजावं."

साहेब आतून दोनदा विचारून गेलेत, झालं का.
मी संगणकावर नमुना उघडलाय.
नाव, वय, धंदा.
घटनेची तारीख ती वारासकट सांगते,
"तुमच्या अंगात निळं स्वेटर हुतं," म्हणते,
"टेबलावर तिळाची वडी."
मग तो रकाना येतो:
फिर्याद देण्यास झालेल्या उशिराचे कारण.
आजवर तिथं मी न वाचताच लिहीत आले,
घरी विचारविनिमय करून आज रोजी.

ती अंगठा पुढे करून बसली आहे,
शाईची डबी कुठं ते शोधत.
बाहेर करडं ढुसण्या देतायत.
रकाना रिकामा सोडून बघितला.
संगणक पुढं जाऊ देत नाही.